इंगोल्यांची हद्द

बद्रीनाथ इंगोले यांची पँट चोरीला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. पँट काही साधीसुधी नव्हती. राखाडी, समोर प्लेट घातलेली, खास परीक्षेच्या दिवसांत घालायची. इंगोले एका अभियांत्रिकी कॉलेजात परीक्षा विभागाचे अधीक्षक होते आणि ती पँट घालून आपण वर्गात शिरलो की कॉपी करणारी मुलं चिठ्ठ्या गिळतात, असा त्यांचा पक्का समज होता. (मुलांनी चिठ्ठ्या केव्हाच सोडल्या होत्या, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.) रविवारी मागच्या दोरीवर ती वाळताना त्यांनी स्वतः पाहिली. सोमवारी कपाट उघडलं, तर नाही.

"अहो, असेल कुठेतरी," नम्रताबाई म्हणाल्या आणि कुकरचं झाकण उगीचच दुसऱ्यांदा बसवायला लागल्या.

"कुठेतरी म्हणजे? पँटीला पाय असतात का?" इंगोले म्हणाले. मग पँटीला खरोखरच पाय असतात हे लक्षात येऊन ते आणखी चिडले.

वाघोलीत नगर रस्ता सोडून आत गेलं की जुन्या शेतांचे प्लॉट पाडून झालेल्या ज्या वसाहती आहेत, त्यातल्या एकीत शेवटच्या गल्लीला इंगोल्यांचं बैठं घर. वाशीमकडून नोकरीसाठी येऊन, भाड्याच्या खोल्या बदलून बदलून शेवटी बांधलेलं. पुढे लोखंडी फाटक, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि मागची बाजू उघडी. मागे संपतचं रान. रान म्हणजे आता फार काही उरलं नव्हतं. एक गोठा, कडब्याची गंजी, थोडी भाजी, भाडेकरूंच्या पत्र्याच्या खोल्या आणि संपतची आई सोजरबाई. ज्या जमिनीवर ही सगळी वसाहत उभी होती, ती एके काळी याच घराची.

चोर पुढून आला नाही, कारण फाटकाला कुलूप होतं. बाजूने आला नाही, कारण भिंती उंच. म्हणजे मागून आला. मागे कोण राहतं, हे इंगोल्यांनी तोंडाने उच्चारलं नाही. आयुष्यभर पुराव्याशिवाय त्यांनी एकाही मुलावर कारवाई केली नव्हती. त्यांनी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

संध्याकाळी शेजारच्या बापूराव आगट्यांना त्यांनी ही बातमी दिली. बापूरावांचा सगळा जन्म नारायण पेठेत गेला होता. आता मुलाकडे वाघोलीला राहायला आले होते, पण आपण पुण्यातून कुठेतरी प्रवासाला निघालोय आणि गाडी मध्येच थांबली आहे, अशा चेहऱ्याने ते गॅलरीत बसत.

"पँट चोरीला गेली?" बापूराव म्हणाले. "आत कोणी होतं का?"

"वाळत घातली होती."

"मग तक्रार करू नका. पोलीस वर्णन विचारतील, आणि तुम्ही ते द्याल."

"मी मागच्या बाजूला कुंपण घालतोय," इंगोले ताठ होत म्हणाले.

"घाला, जरूर घाला. उरलेल्या पँटींना तरी आधार."

एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण इंगोल्यांनी बेत वसाहतीच्या ग्रुपवर टाकला आणि मग सल्ल्यांना पूर आला. एकाने बाटल्यांच्या काचा लावा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने निवडुंग, तिसऱ्याने कुत्रा. चौथ्याने तर आपलाच कुत्रा देऊ केला आणि न्यायला केव्हा येता म्हणून रोज विचारायला लागला. कॉलेजातून मुलगी संस्कृती आली ती हसतच. "बाबा, सीरियसली? एका ट्राउझरसाठी बॉर्डर सिक्युरिटी?"

"प्रश्न पँटीचा नाही," इंगोले म्हणाले. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

नम्रताबाई या वेळी काहीच बोलल्या नाहीत. एरवी तत्त्वाचा विषय निघाला की त्या हमखास बोलत. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हमरस्त्यावर साईनाथ नावाच्या माणसाचं तारेचं दुकान होतं. इंगोले तिथे गेले ते एका तारेची चौकशी करायला, आणि पाहतात तो तारेचंही एक अख्खं विश्व. काटेरी तार, चौकटीची जाळी, सिमेंटच्या तयार पट्ट्यांची भिंत, आणि एका कोपऱ्यात चकचकीत पात्यांची गुंडाळी, जिच्याकडे नुसतं पाहूनच इंगोल्यांचा हात खिशाशी गेला.

"ही कुठे लावतात?"

"तुरुंगाला," साईनाथ म्हणाला. "पण बंगल्यावाले पण नेतात. रुबाब दिसतो."

"आणि ते यंत्र?"

"झटका मशीन. तारेतनं करंट सोडतं. जनावर मरत न्हाई, पन आठवन ऱ्हाती. तुमच्याकडं काय येतं, रानडुक्कर?"

"माणूस," इंगोले आवाज खाली आणून म्हणाले.

साईनाथने त्यांच्याकडे नव्याने आदराने पाहिलं. घरी राजकारणी किंवा सोनार असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. "काय नेलं?"

इंगोल्यांना पँट म्हणवेना. "वैयक्तिक वस्तू," ते म्हणाले.

शेवटी जाळी आणि तिच्या डोक्यावर काटेरी तार, असं ठरलं. आता कुंपणाला परवानगी लागते का, हे विचारायला ते जुन्या गावच्या कचेरीत गेले. गाव शहरात गेल्यापासून तिथला कारकून नुसता बसून होता. "आता आमच्याकडं काही नाही," तो म्हणाला, "आम्ही फक्त खुर्च्या सांभाळतो." नव्या कचेरीत सांगण्यात आलं की तुमच्या भागाचे कागद अजून आलेले नाहीत. ज्या टेबलावर ते येणार होते, तिथल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं.

"कुंपण कायमचं की तात्पुरतं?"

"चोर असेपर्यंत," इंगोले म्हणाले.

"मग कायमचंच," बाई म्हणाल्या आणि त्यांना पुढच्या खिडकीकडे पाठवलं. ती बंद होती.

या सगळ्या खेपांत इंगोल्यांचा कुंपणाचा निश्चय मात्र वाढतच गेला. साईनाथची जाळी येईपर्यंत त्यांनी मागे सुतळी बांधली आणि पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात लिहून लावलं: 'खाजगी हद्द. परवानगीशिवाय प्रवेश करू नये.' खाली सही ठोकली. सही करायची सवय, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. शेताच्या वरच्या तुकड्यातून गोठ्याकडे जाताना ती इंगोल्यांच्या न्हाणीघराच्या मागून जायची. गेली कित्येक वर्षं रोज. तिला वाचता येत नव्हतं, पण सुतळी दिसली. ती थांबली. इंगोले याच क्षणाची वाट पाहत खिडकीत उभे होते.

"आजी, इथून जायची परवानगी विचारलीत का?"

"कुनाला इचारू?"

"मालकाला."

सोजरबाईने भाऱ्याखालून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाचे कोपरे हलले, पण ती हसली नाही. "हां," ती म्हणाली, "मालकाला इचारायला पायजेल खरं." आणि वळून, सबंध वसाहतीला वळसा घालून, डांबरी रस्त्याने गेली. ऊन चांगलंच तापलं होतं. भारा हेलकावत लांब लांब जाताना इंगोल्यांना दिसत होता. त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण परीक्षा विभागात अशा वाटण्याकडे दुर्लक्ष करायचं शिकवतात.

साईनाथ खांबांसाठी खड्डे आखायला आला, तेव्हा खरी अडचण निघाली. "साहेब, हद्द कुठाय?"

"ही काय." इंगोल्यांनी न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे हवेत एक रेघ मारली.

"अशी बोटानं मारलेली चालत न्हाई. सरकारी मोजनी करून घ्या. नंतर शेजारी भांडत येतात आन् खांब मलाच उपटाय लागतात."

इंगोल्यांना ही सूचना फार आवडली. मोजणी! यंत्र, नकाशा, सरकारी माणूस! गेले काही दिवस त्यांना संपतचा गोठा जरा पुढे आल्यासारखा वाटतच होता. त्यांनी अर्ज केला. मोजणीची नोटीस शेजाऱ्यांनाही जाते, तशी ती संपतलाही गेली, आणि तो टोपी काढत फाटकाशी आला. संपत पन्नाशीचा, अंगाने आडवा, बोलायला मऊ.

"साहेब, कशाला करता मोजनी? ऱ्हाऊ द्या की."

"का? मोजणीला भीती कसली?"

"भ्या न्हाई हो. आपलं चाललंय बरं. उगं कशाला उकरायचं? कुंपन घालायचं तर घाला, तुमच्या न्हानीच्या भितीच्या मागनं घाला, पायजे तर मी मानसं देतो."

इंगोल्यांच्या अनुभवानुसार "सर, बाकाखाली कशाला बघता" असं म्हणणाऱ्याच्याच बाकाखाली सगळं सापडतं. ते मंद हसले. "संपतराव, तुमचा गोठा दोन-चार फूट माझ्याकडे निघाला तर मी लगेच पाडा म्हणणार नाही. सवड देईन. पण मोजणी होऊनच जाऊ दे."

संपतने टोपी पुन्हा घातली, काढली, पुन्हा घातली. "आता तुमचीच मर्जी असंल तर..." एवढंच तो म्हणाला.

मोजणीच्या सकाळी इंगोल्यांनी खुर्च्या मांडल्या, पोहे करायला सांगितले आणि ग्रुपवर निरोप टाकला: 'इच्छुकांनी उपस्थित राहावे.' पुण्यात मोफत पाहायला मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीला इच्छुक असतातच. गल्ली लोटली. बापूराव स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले, कारण इंगोल्यांच्या खुर्च्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. संपत एका बाजूला हात बांधून उभा राहिला. सोजरबाई गोठ्याच्या दारात बसून तांदूळ निवडत होती.

मोजणीदार शांत माणूस होता. काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन तो इकडे गेला, तिकडे गेला, आकाशाकडे पाहिलं, आणि त्याच्या मदतनिसाने मागोमाग पांढऱ्या फक्कीची रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ कोपऱ्यातल्या दगडापासून निघाली. गोठ्याकडे वळेल म्हणून इंगोले पुढे सरकले. गोठा लांबच राहिला. संपतने आपल्या बाजूला ऐसपैस जागा सोडून तो बांधला होता. रेघ सरळ चालत, इंगोल्यांच्या कपडे धुण्याच्या दगडाला मधोमध कापत, न्हाणीघराच्या भिंतीपाशी येऊन थांबली.

"आत जावं लागेल," मोजणीदार म्हणाला.

"कशाच्या आत?"

"रेघ आत गेलीय. आत यंत्राला रेंज येणार नाही, टेपने घेऊ."

आणि मग जे झालं ते आठवलं की इंगोले अजूनही खुर्चीत खाली सरकतात. मोजणीदार, मदतनीस आणि जमतील तेवढे इच्छुक त्यांच्या न्हाणीघरात शिरले. खुंटीवर त्यांचा भोक पडलेला बनियन होता. कोनाड्यात केस काळे करायच्या कलपाची बाटली होती, जिच्याबद्दल वसाहतीला आजवर काही माहीत नव्हतं. मदतनिसाने फरशीवर फक्कीची रेघ मारली. ती नळ आणि बादली यांच्या मधून गेली.

टेप गुंडाळला गेल्याचा तेवढा आवाज आला.

"म्हणजे इंगोले," बापूराव दारातून म्हणाले, "नळ तुमच्या हद्दीत, आणि बादली संपतच्या. अंघोळीला तुम्ही रोज परमुलखात जात होता म्हणायचं. तेही पँटीशिवाय."

कुणीतरी फुसकन हसलं. मग कुणीच मागे राहिलं नाही. बाहेर आल्यावर इंगोल्यांना दिसली ती त्यांची सुतळी, आणि तिला लटकलेला सहीसकट पुठ्ठा. फक्कीच्या रेघेच्या चांगलाच पलीकडे. संपतच्या जमिनीत. ज्या वाटेवरून त्यांनी सोजरबाईला परत पाठवलं होतं, ती तिच्या स्वतःच्या रानातली वाट होती.

लोक पोहे खाऊन गेले. "पोहे उत्तम," बापूराव म्हणाले, "फक्त कुठल्या हद्दीत शिजवले तेवढं विचारून घ्या." इंगोले पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. नम्रताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराशी चाळा करत.

"अहो, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"आता आणखी काय राहिलंय?"

"ती पँट... मीच भांडीवालीला दिली. मागे झिजली होती हो, तुम्हाला कोण सांगणार? झाकणाचा डबा आला तिच्यावर. साखरेला घेतलाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. तोवर तुम्ही ग्रुपवर टाकलंत. मग म्हटलं, कुंपणाचं काम तरी होईल."

इंगोल्यांनी उशी डोक्यावर घेतली. खिडकीतून ज्याच्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या होत्या, त्या गोठ्यातली म्हैस तेवढ्यात ओरडली, आणि ते उशीखालीही दचकले.

माफी मागायला हवी होती, यात शंका नव्हती. प्रश्न होता, जाताना काय न्यायचं. पेढे नेले तर आनंदाची बातमी वाटेल, नम्रताबाई म्हणाल्या. फळं नेली तर आजारी कोण म्हणून विचारतील. नारळ नेला तर मुलीचं जमवायला आलात समजतील. दुसऱ्याच्या जागेत न्हाणीघर बांधल्याबद्दल नेमकं काय न्यावं, याचा रिवाज कुणी घालून दिलेला नव्हता. शेवटी इंगोले रिकाम्या हातांनी गेले, दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत. कारण आडून जायची वाट तर त्यांनीच बंद करून ठेवली होती.

"या साहेब, बसा," संपत म्हणाला, जसं काही झालंच नव्हतं. आणि इंगोल्यांना वाटलं, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

"संपतराव, ते न्हाणीघर... मी पाडून घेतो. कायद्याप्रमाणे जे काय..."

"पाडता कशाला? कुठं अंगुळी करनार, रस्त्यावर? ऱ्हाऊ द्या. च्या घ्या."

"पण तुम्हाला... तुम्हाला आधी माहीत होतं?"

संपतने आईकडे पाहिलं. सोजरबाई चुलीपाशी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"माहीत नसायला काय झालं? आमचंच रान," ती म्हणाली. "तुजा पाया खनला तवाच आमच्या मालकानं बगितलं व्हतं. मला म्हनले, सांगू नगंस. बायकू पोटुशी, पत्र्याच्या खोलीत ऱ्हाती, आईबाप लांब तिकडं वाशीमला. तवा 'पाया उकर' म्हनून सांगायचं व्हय? मंग भित झाली. मंग पोरगी झाली. मंग सांगायचं ऱ्हाऊनच ग्येलं."

इंगोल्यांनी माफीची वाक्यं तयार करून आणली होती. चांगली, कॉलेजच्या परिपत्रकासारखी. त्यातलं एकही बाहेर येईना. त्यांनी चहा प्यायला, तो इतका गरम होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चहामुळेच आलं असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग संपतने म्हशीचा विषय काढला, दुधाला कशी कमी आली त्याचा, आणि इंगोले मान हलवत राहिले. उठताना सोजरबाईने वांगी आणि मेथीची जुडी त्यांच्या हातात कोंबली. मागायला गेले माफी, आणि परत आले भाजी घेऊन, तेही गल्लीदेखत. गॅलरीतून बापूरावांनी पाहिलं. "अतिक्रमणाबद्दल वांगी?" ते म्हणाले. "पेठेत आम्हाला नोटिसा यायच्या."

साईनाथला त्यांनी फोन करून काम रद्द केलं. कारण सांगताना जीभ अडखळली, पण साईनाथने सावरून घेतलं. "चालतंय साहेब. मोजनी झाली की निम्मी गिऱ्हाइकं असंच म्हनतात." सुतळी त्यांनी स्वतः सोडली आणि पुठ्ठ्याचे इतके बारीक तुकडे केले की त्यांच्या सहीतली एक वेलांटीसुद्धा कुणाला ओळखता येऊ नये.

पण मनातलं काही सुटेना. रोज सकाळी ते न्हाणीघरात जात. फक्की धुऊन गेली होती, तरी रेघ त्यांना दिसायची. नळाच्या बाजूला अंग चोरून, भिंतीला खेटून, बादली शक्य तितकी जवळ ओढून ते अंघोळ उरकत. सोजरबाई पुन्हा मागच्या वाटेने जायला लागली होती. तिची पावलं ऐकू आली की ते तांब्या खाली ठेवून, ती जाईपर्यंत श्वास रोखून बसत. तोंडाला साबण लावलेला असला तर तसाच.

एका सकाळी पावलं आली आणि थांबली. भिंतीवर बाहेरून टकटक झाली.

"आरं, हायेस का आत?"

इंगोले डोळे मिटून, साबणाच्या फेसात उभे. "आहे," ते म्हणाले.

"पानी जरा बेतानं वत. मोरीचं पानी सगळं माज्या घेवड्यात येतंय. मुळ्या कुजाय लागल्या."

पूर्वीचे इंगोले असते तर त्यांनी मोरीच्या उताराबद्दल खुलासा मागवला असता. आत्ताच्या इंगोल्यांनी चाचपडत नळ बंद केला. आणि कुणी समोर नव्हतं म्हणून असेल, डोळे मिटलेले होते म्हणून असेल, किंवा अंगावर कपडा नसताना माणसाजवळ लपवायला फारसं उरत नाही म्हणून असेल, पण इतके दिवस घशात अडकलेलं एकदम वर आलं.

"आजी, चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं म्हटलं."

"आयकू येत न्हाई, भितीआडनं. मोट्यानं बोल!"

इंगोल्यांनी छाती भरून श्वास घेतला. "माझं चुकलं!" ते ओरडले. न्हाणीघराच्या चार भिंतींत आवाज घुमला आणि झरोक्यातून जोरात बाहेर पडला. "उन्हातून पाठवलं तुम्हाला, चुकलं माझं! माफ करा!"

समोरच्या घरात कुणाची तरी चमच्याची किणकिण थांबली. वरच्या गॅलरीत बापूरावांची खुर्ची करकरली, पण या खेपेला तिथून एक शब्द आला नाही.

भिंतीपलीकडे गवताचा भारा सळसळला. मग सोजरबाईचा आवाज आला.

"बरं बरं. आता साबन धू आदी. डोळ्यात जाईल."

"पाणी घेवड्यात जाईल ना, आजी."

"आज जाऊ दे," ती म्हणाली, आणि तिची पावलं गोठ्याकडे निघून गेली.